लॅपटॉप हँग होतोय: ऊन की कर्नल?

मे महिन्यात नागपुरात काहीही बंद पडलं की पहिलं नाव उन्हाचंच निघतं. माझा लॅपटॉप चौथ्यांदा हँग झाला तेव्हा चुलतभाऊ कूलरसमोरून न उठताच म्हणाला, "ताई, गरमीनंच होत असन, पारा 45 वर गेला ना." मलाही तेच पटलं होतं.

पण दोनच दिवस आधी मी लिनक्सचा (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) नवा आरसी कर्नल टाकला होता. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि आरसी म्हणजे पक्क्या आवृत्तीआधीची चाचणीची आवृत्ती. नव्या आवृत्तीसाठी आधी दोन आठवडे नवीन कोड आत घेतात, मग लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स साधारण दर रविवारी एक आरसी काढतात, सात-आठ आरसी झाल्या की पक्की आवृत्ती. या मधल्या काळात आपल्यासारख्यांनी स्वतःच्या मशीनवर चालवून पाहिलं नाही तर तोच बग पुढे सगळ्यांच्या घरी जातो, म्हणून मी हे करते. तर जुना कर्नल बूट केला आणि त्याच खोलीत, त्याच भर दुपारी, दोन दिवस कंपाइलचं, म्हणजे मशीन तापवणारं, काम लावून ठेवलं. एकदाही अडकला नाही. रात्रभर मेमटेस्ट चालवली, रॅमही ठीक. ऊन सुटलं आरोपातून.

आता हँग म्हणजे नक्की काय, हे पाहायच्या आत आपण पॉवर बटण दाबून धरतो आणि सगळा पुरावा घालवतो. आधी कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो तर कर्नल अजून इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरच्या हाका, ऐकतोय. दिवा आपोआप लुकलुकतोय तर बहुतेक पॅनिक, म्हणजे कर्नलने स्वतःच हात टेकलेत. दुसऱ्या मशीनवरून एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) होतंय पण स्क्रीन थिजलीय, तर संशय ग्राफिक्सवर. पिंगला (नेटवर्कवरून मारलेली साधी हाक) उत्तर येतं पण लॉगिन होत नाही, तर कर्नल जिवंत आहे, वरचे प्रोग्राम अडकलेत. मग अल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून डब्ल्यू, म्हणजे अडकलेल्या टास्कची यादी, आणि एल, म्हणजे प्रत्येक सीपीयू कुठे आहे ते. या अक्षरांना परवानगी देणारी सेटिंग (kernel.sysrq) उबंटू या लिनक्सच्या प्रकारात मुळात 176 असते, त्यात रीबूट चालतं पण ट्रेस (कोड कुठे आहे त्याची नोंद) काढणारी अक्षरं बंद असतात, तेव्हा आधीच 1 करून ठेवा, हँग झाल्यावर करता येत नाही.

माझ्याकडे कॅप्स लॉक पहिले काही सेकंद चालायचा, मग तोही बंद. डिस्कवरच्या जर्नलमध्ये (सिस्टिमची नोंदवही) काहीच नाही, कारण लिहायला वेळच मिळत नव्हता. इथे नेटकन्सोल कामी आलं. लॅपटॉपपासून जुन्या डेस्कटॉपपर्यंत लॅनची केबल टाकली (वायफायवर हे जमत नाही), कर्नलचे मेसेज यूडीपीने तिकडे पाठवले. पहिल्या रात्री कोरं, कारण कन्सोलची लॉग लेव्हल (कुठले मेसेज बाहेर पाठवायचे ती पातळी) वाढवायची राहिली होती. दुसऱ्या रात्री आलं: सॉफ्ट लॉकअप, सीपीयू 22 सेकंद अडकलेला, आणि ट्रेसमध्ये वायफाय ड्रायव्हर. 20 सेकंदांच्या वर सीपीयू कर्नलमध्येच फिरत राहिला की वॉचडॉग, म्हणजे कर्नलमधला पहारेकरी, हे ओरडतो, आणि इंटरप्टही बंद असतील तर साधारण 10 सेकंदांतच हार्ड लॉकअप म्हणतो.

मग लॉकडेप, म्हणजे कर्नलमधली लॉक तपासणारी सोय, चालू करून कर्नल पुन्हा बांधला. (लॉक म्हणजे एखादी गोष्ट एका वेळी एकानेच वापरावी म्हणून घातलेलं कुलूप.) थोडा हळू चालतो, पण त्याची गंमत अशी की प्रत्यक्ष अडकण्याची वाट पाहावी लागत नाही, दोन लॉक एकदा या क्रमाने आणि एकदा उलट्या क्रमाने घेतलेले दिसले की तो तिथेच सांगतो. इतवारीच्या गल्लीत समोरासमोर आलेल्या दोन हातगाड्या डोळ्यासमोर आणा, दोघांनाही दुसऱ्याची जागा हवी आणि मागे कोणी जाईना. अगदी तेच होतं.

तरी कुठल्या कमिटने, म्हणजे कोडमधल्या कुठल्या बदलाने, घोळ घातला ते हवंच होतं, म्हणून गिट बायसेक्ट: मधला कर्नल चालवून चांगला की वाईट ठरवायचं, मग उरलेल्या निम्म्यात शोधायचं. पूर्ण आवृत्तीत 13-14 हजार कमिट असले तरी निम्मे-निम्मे करत 14 पायऱ्यांत उत्तर येतं. कष्ट मोजणीत नाहीत, "चांगला" म्हणण्यात आहेत. बग कधी 20 मिनिटांत यायचा, कधी 3 तासांत. एक कर्नल 1 तास चालला म्हणून मी चांगला ठरवला, बायसेक्ट भलत्याच यूएसबीच्या कमिटवर जाऊन थांबला, आणि दोन रात्री वाया. त्यानंतर नियम केला, सगळ्यात जास्त लागलेल्या वेळेच्या तिप्पट, म्हणजे 9 तास चालल्याशिवाय चांगला म्हणायचं नाही. मधेच लाईन गेली की इन्व्हर्टरवर डेस्कटॉप टिकत नाही, लॉग तुटतो, ती पायरी परत. आईने एका पहाटे विचारलं, "अजून झोपली नाही का गं?" मी म्हटलं, आठवी पायरी आहे.

शेवटी ड्रायव्हरच्या पॉवर सेव्हमधला एक छोटा कमिट सापडला. तो उलटवून पाहिला, हँग बंद. मग मेल लिहिला, साध्या टेक्स्टमध्ये, ट्रेस पूर्ण, कमिटचा नंबर, रिग्रेशनच्या (आधी चालणारं नंतर बिघडलं अशा तक्रारींच्या) मेल यादीला सीसी. चौथ्या दिवशी मेंटेनरचा, म्हणजे तो ड्रायव्हर सांभाळणाऱ्याचा, दुरुस्तीचा पॅच आला, सात ओळींचा. तो लावून मशीन तीन दिवस चालू ठेवलं, मग 'टेस्टेड-बाय', म्हणजे तपासणारी, म्हणून माझं नाव पाठवलं. पुढच्या रविवारच्या आरसीत तो पॅच आला होता, आणि बाहेर पारा अजून 45 वरच होता.