पावणेसातची तपासणी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे प्राचार्यांचे पत्र आले तेव्हा आपल्या परिचर्या (नर्सिंग) संस्थेच्या वाटचालीविषयी, नव्या इमारतीविषयी, आपल्या मुलींनी देशपरदेशांत मिळवलेल्या नावलौकिकाविषयी लिहावे असे मनात होते. परंतु कागद पुढे ओढल्यावर बाईंखेरीज दुसरे काही सुचेना. बाई म्हणजे कोणत्या, हे जुन्या इमारतीत शिकलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. नंतरच्या मुलींसाठी एवढेच लिहिते की सरकारदरबारी त्यांचे पद ‘पाठ्यनिर्देशिका’ असे होते, हजेरीपटावर त्या ‘सिस्टर ट्यूटर’ होत्या आणि आमच्या तोंडी केवळ बाई.

मी १९८४ साली प्रवेश घेतला. सात वाजता वॉर्डात हजर व्हायचे म्हणून पावणेसातला वसतिगृहाच्या जिन्याखाली, त्या उभ्या आरशापाशी आम्ही ओळीने उभ्या राहत असू आणि बाई गणवेशाची तपासणी करीत. त्यांची नजर नेहमी पायांपासून सुरू होई. पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना रबराचाच तळ हवा, कारण रात्रपाळीत टाचांचा आवाज झाला की नुकताच डोळा लागलेला रुग्ण जागा होतो. मग गणवेशाची उंची, पट्टा, खिशातली कात्री आणि लाल-निळी पेने. मग हात. तळवे आमच्या स्वतःच्या तोंडाकडे करून बोटे सरळ धरायला लावीत. बोटांच्या टोकांवरून नखाची कड डोकावली, तर तिथल्या तिथे नखे कापावी लागत आणि त्यासाठीचे नेलकटर बाईंच्याच खिशात असे. मनगटी घड्याळाला बंदी होती. छातीवर उलटे टाचलेले घड्याळ प्रत्येकीकडे असे, त्याला सेकंदाचा काटा असलाच पाहिजे आणि तो चालू असला पाहिजे, म्हणून बाई अधूनमधून एखादीला थांबवून तिथेच शेजारणीची नाडी मोजायला लावीत. शेवटी केस. अंबाडा कॉलरच्या वर, जाळीत बांधलेला. रुग्णावर वाकले असता एकही बट पुढे येता कामा नये, म्हणून बाई खरोखरच आम्हांला वाकायला सांगत. आरशासमोर ओळीने वाकलेल्या मुली पाहून मेसमधले मामा हसत असत, हेही आठवते.

शिस्तीच्या बाई पुष्कळ असतात. आमच्या बाईंचे वेगळेपण असे, की ‘नियम आहे म्हणून’ हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. गणवेशातील प्रत्येक गोष्टीचे कारण त्यांच्याकडे होते आणि ते कारण नेहमी रुग्णाच्या खाटेपाशी जाऊन थांबे. बाह्या कोपराच्या वर का, तर ओल्या बाहीने एका जखमेवरचे दुसऱ्या जखमेवर जाते. एप्रनची पुढची बाजू कायम मळलेलीच समजायची, मग ती बगळ्यासारखी पांढरी का दिसेना. काढताना ती आत दुमडायची आणि जेवणघरात एप्रन घालून पाऊल टाकायचे नाही. या एका नियमासाठी बाई जेवणघराच्या दारात स्वतः उभ्या राहत आणि विसरून आलेल्या मुलीला, ताटातली आमटी निवत असली तरी, खोलीपर्यंत परत पाठवीत. गणवेश अंगावर ठेवून लालबागच्या बाजारात जायचे नाही किंवा लोकल पकडायची नाही. वॉर्डातले बाजारात नेऊ नका आणि बाजारातले वॉर्डात आणू नका, असे त्या सांगत. पावसाळ्यात हा सारा खटाटोप किती अवघड होता, हे परळमध्ये राहिलेल्यांनाच कळेल. जवळच्या हिंदमाता चौकात पाणी तुंबलेले, दोरीवरचे कपडे चार दिवस दमट, कांजीची खळ चढवलेला गणवेश वाळण्याआधीच आंबूस वास मारू लागे, आणि तरी पावणेसातला तो कडक इस्त्रीचा हवा. आम्ही गणवेश गादीखाली घालून झोपत असू.

आता ज्या प्रसंगासाठी हे सारे लिहायला घेतले, तो प्रसंग. दिवाळीच्या सुटीत आमच्या तुकडीतील लातूरकडच्या एका मैत्रिणीचा साखरपुडा झाला आणि होणाऱ्या सासूबाईंनी भरलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या घालून ती परत आली. लग्नापर्यंत हात रिकामे करायचे नाहीत, असे तिला बजावून सांगितलेले होते. पावणेसातला बाईंनी त्या बांगड्या पाहिल्या आणि त्या काहीच बोलल्या नाहीत, याचीच आम्हांला धास्ती वाटली. तिची त्या आठवड्याची नेमणूक नवजात बालकांच्या कक्षात होती. तेवढी बाईंनी बदलून टाकली. दुपारी सगळ्या तुकडीला त्यांनी प्रात्यक्षिकाच्या खोलीत बोलावले. टेबलावर एका बशीत स्टोव्हवरच्या पातेल्याची काजळी खोबरेल तेलात कालवून ठेवलेली होती. ती त्यांनी मैत्रिणीच्या हातांना, मनगटाच्या वरपर्यंत, स्वतः चोळली आणि म्हणाल्या, “डोळे मीट आणि वॉर्डात धुतेस तसेच हात धू.”

कार्बोलिक साबण, वाहते पाणी. तिने मनापासून हात धुतले. डोळे उघडले तेव्हा बोटे आणि तळवे स्वच्छ होते, अंगठ्याच्या मुळाशी थोडे काळे उरले होते आणि बांगड्या वर सारताच खाली मनगटाभोवती काजळीचे गडद कडे दिसले. बांगड्यांच्या आतल्या बाजूलाही तेच. बाईंनी तिचा हात धरून आम्हां प्रत्येकीपुढून फिरवला. “बाळाची नाळ अजून ओली असते,” एवढेच त्या म्हणाल्या.

मैत्रिणीला रडू फुटले, ते काजळीमुळे नव्हे. सासरी काय सांगायचे, या भीतीने. तेव्हा बाईंनी आपली पर्स उघडली आणि आतून खणाची एक लहानशी पिशवी काढून टेबलावर मोकळी केली. तीत त्यांच्या स्वतःच्या बांगड्या होत्या, दोन सोन्याच्या आणि बाकी हिरव्या. “मीसुद्धा सवाष्णच आहे गं,” त्या म्हणाल्या, “माझ्या बांगड्या रोज सकाळी या पिशवीत जातात आणि संध्याकाळी हातात येतात. आमचे हे अजून ठणठणीत आहेत.” मग त्यांनी तिच्या हाताला साबणाचा भरपूर फेस केला, अंगठा तळहाताकडे दुमडला, हाताची हाडे दाबून लहान केली आणि एकेक बांगडी अशा हलक्या हाताने सरकवत बाहेर काढली, की एकही फुटली नाही. एखाद्या कासारालाही ते सहज जमले नसते. बांगड्या पुसून, कागदात गुंडाळून तिच्या हाती दिल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी तिच्या होणाऱ्या सासूबाईंना पत्र लिहिले. पत्रात काय होते ते आम्हांला कधी कळले नाही. पण पुढे आमच्या दीपप्रज्वलनाच्या आणि शपथविधीच्या समारंभाला त्या सासूबाई लातूरहून आल्या होत्या आणि सुनेचे रिकामे हात पाहून त्यांच्या कपाळावर आठी उमटली नाही.

माझ्यावर बाईंचे याहून मोठे उपकार आहेत. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या विभागात, होते. १९८२ चा संप सुरू झाला आणि ते कामाबाहेर गेले ते कायमचेच. प्रवेश मिळाला त्या वर्षी घरी दोन वेळची भाकरी जमवणेच कठीण होते; गणवेशाचे तीन जोड, एप्रन, बूट, घड्याळ या यादीकडे आई नुसती पाहत बसली. बाईंच्या कार्यालयात भिंतीलगत एक पत्र्याची ट्रंक होती. शिकून बाहेर पडलेल्या मुलींचे धडके गणवेश त्या तीत धुऊन ठेवीत, आणि ज्या मुलीला गरज असेल तिला दुपारच्या वेळी, कार्यालयात कोणी नसताना, ‘कपाट आवरायला’ बोलावीत. मीही कपाट आवरले. मिळालेला गणवेश मला आखूड होत होता. शिंप्याने खालची दुमड उसवून उंची वाढवली, तरी जुन्या टाक्यांची रेघ धुवून जाईना. पहिल्याच तपासणीत बाईंची नजर त्या रेघेवर थांबली आणि त्या मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “हिची उंची बरोबर आहे. सगळ्यांनी पाहून घ्या.” वडिलांनी ते कापड चिमटीत धरून पाहिले होते. टेरिकॉट नाही, चांगले सुती आहे, उकळले तरी टिकेल, असे म्हणाले. संपानंतर कापडाविषयी त्यांना बोलताना मी प्रथमच ऐकले. बाईंचाही सुती कापडाचाच आग्रह असे, आणि कारणही तेच.

परिचारिकेच्या टोपीविषयी मात्र बाई इतरांसारख्या हळव्या नव्हत्या. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची परिचर्या शाळा सुरू झाली, तेव्हापासूनची परंपरा त्या शिकवीत. पण टोपीचा रुग्णाला उपयोग काय, असे एखादीने विचारले तर “अजून मला सापडलेला नाही,” असे सरळ सांगत. मात्र स्नेहसंमेलनात कोणी टोपीवर तांबडा क्रॉस रंगवला की त्या उसळत. ते जिनिव्हा करारांनी राखून ठेवलेले चिन्ह आहे, आपल्याकडे १९६० च्या कायद्याने त्याच्या वाटेल तशा वापराला मनाई आहे, युद्धात त्या चिन्हावर गोळी झाडायची नसते, हे त्या रंगमंचाच्या मागे उभ्या राहून सांगत. आज दादरला भाड्याने मिळणारे मुलांचे ‘नर्स’चे पोशाख पाहिले की मला बाई आठवतात.

निवृत्तीपूर्वी काही वर्षे मी अधिसेविका (मेट्रन) होते आणि नंतर उपनगरातील एका खासगी रुग्णालयाने आपल्या परिचर्या महाविद्यालयाची गणवेश-नियमावली तयार करण्यासाठी मला बोलावले. बैठकीत पहिला तासभर रंगावर गेला. मी बाईंचीच कारणे त्यांच्यापुढे मांडली आणि पाठीशी नवे आधार ठेवले. हात कोपरापासून खाली उघडे असावेत, हे इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २००७ साली सांगितले. नखांची टोके अर्ध्या सेंटिमीटरहून कमी ठेवावीत आणि कृत्रिम नखे लावू नयेत, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या हस्तस्वच्छतेच्या मार्गदर्शनात लिहिले. जिन्याखालच्या आरशापाशी हे आम्ही १९८४ मध्येच शिकलो होतो. गणवेशाच्या कापडामुळेच संसर्ग होतो असा भक्कम पुरावा नाही, हेही मी तिथे स्पष्ट सांगितले, कारण बाईंनी अर्धवट कारण कधी खपवून घेतले नसते. स्वच्छ हातांना आड येणारी प्रत्येक गोष्ट दूर करा आणि उरलेल्या बाबतीत मुलामुलींना मोकळीक द्या, असे माझे म्हणणे होते. टोपी गेली, ते योग्यच झाले. मंगळसूत्र गणवेशाच्या आत टाचावे, अंगठी नको, मुलांनी दाढी राखली तरी मास्क तोंडावर नीट बसला पाहिजे, हे सारे मान्य झाले. प्रत्येक नियमापुढचा कारणांचा रकाना मात्र छापताना गाळला गेला. जागा पुरत नाही, असे उत्तर मिळाले. त्या नियमावलीवर माझे नाव आहे, पण ती मला आपली वाटत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी आपल्या कक्षातील २० गर्भवतींना वाचवले, हे सर्वांना माहीत आहे. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलताना, त्या रात्री अंगावरच्या गणवेशाने आपल्याला धैर्य दिले, असे त्यांनी सांगितले. मी ते बोलणे ऐकले आणि प्रथम बाईंना फोन करावासा वाटला. त्या तेव्हा हयात नव्हत्या.

आज वॉर्डात गेले की डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि कधी कधी सफाई कर्मचारीही एकाच धाटणीच्या सदरा-पायजम्यात दिसतात. हा पोशाख सोयीचा आहे, रोज बदलता येतो, धुवायला सोपा आहे; वाकताना, धावताना, रुग्णाला उचलताना आम्हांला झालेली अडचण आजच्या मुलींना होत नाही, याचा मला आनंद आहे. पण खाटेवरची म्हातारी ‘बाळ, तू सिस्टर का गं?’ असे विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत आपल्या दुखण्याविषयी बोलत नाही. छातीवरचे ओळखपत्र बारीक इंग्रजी अक्षरांत असते आणि बहुधा उलटे फिरलेले असते. पांढऱ्या गणवेशाने निदान हा प्रश्न कधी उभा राहू दिला नव्हता.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यमान प्राचार्यांना एक विनंती करते. आपल्या प्रत्येक विद्यार्थिनीच्या आणि विद्यार्थ्याच्या गणवेशावर नाव आणि ‘विद्यार्थी परिचारिका’ किंवा ‘विद्यार्थी परिचारक’ ही अक्षरे ठळक देवनागरीत, चष्मा न लावता वाचता येतील एवढी मोठी, भरतकाम करून घ्यावीत. पट्टी टाचू नये, कारण पिन रुग्णाला बोचते आणि पट्टीच्या कडेत मळ साचतो. आमच्या तुकडीतील मैत्रिणींशी मी बोलले आहे. येत्या जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या संपूर्ण वर्गाचा हा खर्च आम्ही करू. शिंप्याचा हिशेब कार्यालयाने माझ्याकडे पाठवावा, आणि भरतकामाचा दोरा उकळत्या पाण्यात रंग सोडणारा नाही याची खात्री आधी करून घ्यावी.