निरंक

रविवार, रात्र.

कपाट आवरताना आईची जुनी फाईल हाती लागली. दर वर्षीचे मदतीच्या नूतनीकरणाचे अर्ज, एकाखाली एक. 'व्यवसाय' या रकान्यात प्रत्येक वेळी कारकुनाच्या अक्षरात एकच शब्द: निरंक. पहाटे इमारतींचे जिने पुसून रांगेत उभ्या राहिलेल्या बाईच्या अर्जावर!

आईला तेव्हा वाचता येत नव्हतं. "काय लिहिलंय गं?" तिनं मला विचारलं. मी चौथीत, मलाही सांगता येईना. पुढच्याच महिन्यात ती रात्रीच्या प्रौढवर्गाला जायला लागली.

पण ती खरं वाचायला शिकली ती प्रार्थनेच्या पुस्तकावर. प्रार्थना तोंडपाठ, त्यामुळे शब्द आधी ओठांवर यायचा आणि मग बोटाखाली सापडायचा. एखादा निसटला तरी पुढची ओळ सावरून घ्यायची. अर्जावर ही युक्ती चालेना. 'उपरोक्त', 'सदरहू' असले शब्द तिनं देवाशी बोलताना कधी वापरलेच नव्हते.

मधली दोन वर्षं तिला जास्तीचं काम मिळत होतं, तिनं नाही म्हटलं. फुकटाची सवय लागली, असं नातेवाईक आमच्या तोंडावर म्हणाले. त्यांनी हिशेब करून बघायला हवा होता. आमच्या योजनेत उत्पन्न मर्यादेच्या जरा वर गेलं की मदत थोडी कमी होत नसे, सगळीच बंद. जादा कमाईपेक्षा तोटा मोठा. शिवाय मदत जमा झाली की त्या आठवड्यात माझी गणितं सुटायची, हे मला तेव्हाही कळत होतं. २०१३ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात तमिळनाडूच्या ऊस उत्पादकांवरचा अभ्यास आला होता: तोडणीआधी हात आखडलेला असताना आकलनाच्या चाचण्यांत मागे पडलेले शेतकरी, तोडणीनंतर पैसा आल्यावर त्याच चाचण्या जास्त चांगल्या सोडवत होते. वाचून बरं वाटलं. म्हणजे माझं डोकं मठ्ठ नव्हतं.

श्रद्धेचा हिशेब इतका सरळ नाही. फिलिपिन्समधल्या अतिगरीब कुटुंबांवरचा एक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती मूल्यशिक्षणाचे वर्ग मिळालेल्या कुटुंबांची मिळकत सहा महिन्यांनी वाढलेली दिसली; समाधान मात्र वाढलं नव्हतं. उलट इतरांच्या तुलनेत आपण फार खाली आहोत, असं त्यांना जास्त वाटू लागलं होतं. आईला सांगितलं तर म्हणाली, "वाटणारच. मान वर केल्याशिवाय दुसऱ्याचा जिना दिसतो होय?"

मला नोकरी लागली त्या रात्री ती प्रार्थनेला खूप वेळ बसली. मला वाटलं, आभार मानतेय. पुष्कळ वर्षांनी बोलली: "घाबरले होते. तुझी नोकरी गेली असती तर?"

तरी सकाळी कचेरीत गेलीच. मदत बंद करा म्हणाली. असा अर्जच नसतो बाई, नूतनीकरण करू नका म्हणजे झालं, असं कारकुनानं सांगितलं. ही हटेना. कोरा कागद मागून घेतला आणि खिडकीच्या कठड्यावर टेकवून चार ओळी स्वतः लिहिल्या. मी पुढे झाले तर माझा हात बाजूला सारला. 'मुलगी' मधली वेलांटी चुकली आहे. खाली सही, पूर्ण नावाची.

आणि पोच घेतल्याशिवाय हलली नाही. तो कागद फाईलमध्ये सर्वांत वर आहे, शिक्का तिरका पडलेला.