नव्या ट्रेलरला सीलंट लावण्याआधी

अमेरिकेत जिथे सोसायटीचे नियम आड येत नाहीत, तिथे घराच्या कडेला पत्र्याचा बंद डबा उभा दिसतो. हाच कार्गो ट्रेलर. त्याला इंजिन नसतं; पिकअप किंवा एसयूव्हीच्या मागच्या हिचला, म्हणजे ओढायच्या आकड्याला, अडकवून तो ओढायचा. सुतार, रंगारी, बागकामवाले त्यात हत्यारं ठेवतात, हौशी लोक आत पलंग टाकून फिरायला निघतात, आणि एखाद्या मराठी मंडळाचं मखर, ढोल नि सतरंज्या वर्षभर त्यातच मुक्कामाला असतात. आपल्याकडे स्वतःच्या गाडीमागे असा डबा लावायची पद्धत नाही, त्यामुळे पहिल्यांदा घेणाऱ्याला कल्पना नसते की कोरा ट्रेलरही पहिल्याच पावसात गळू शकतो. अशा वेळी हात आधी सिलिकॉनच्या नळीकडे जातो. दिसेल ती फट भरली जाते, गळती तशीच राहते, आणि कारखान्याला "तुम्हीच छेडछाड केलीत" म्हणायला आयती जागा मिळते. म्हणून क्रम पाळायचा: पाणी नेमकं कुठून येतं ते शोधायचं, त्याचा पुरावा करायचा, लेखी कळवायचं, आणि सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा चिकट लगदा, सगळ्यात शेवटी.

नवा ट्रेलर गळतो याचं मूळ त्याच्या बांधणीत आहे. चौकट पोलादी नळ्यांची, आणि तिच्यावर ०.०२४ किंवा ०.०३० इंच जाडीचा, म्हणजे एक मिलिमीटरही नसलेला, ॲल्युमिनियमचा पत्रा. तापमान बदललं की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं आणि आकसतं. १६ फुटी छत हिवाळ्यातल्या रात्रीपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत ५० अंश सेल्सिअस तापलं, तर पत्रा साडेपाच मिलिमीटर वाढतो, खालची चौकट तीनच्या आसपास. उरलेला अडीच-पावणेतीन मिलिमीटरचा फरक सांध्यातल्या सीलंटने झेलायचा असतो. स्वस्त ट्रेलरमध्ये कडेची पट्टी आधी स्क्रूने आवळतात आणि मग वरून सीलंटची बारीक रेघ ओढतात. ती रेघ हे ताणणं सोसत नाही. पट्टीखाली ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी, घातलेली असेल तर वरची रेघ तडकली तरी पाणी आत येत नाही. घेताना डीलरला विचारण्यासारखा प्रश्न हाच; पत्र्याचा रंग आणि चाकांच्या रिम यांची चर्चा नंतर करता येते.

पाणी शिरायच्या जागा ठरलेल्या आहेत. छत आणि भिंत जिथे भेटतात ती कडेची पट्टी पहिली. मग छतावरचा १४ बाय १४ इंचांचा व्हेंट, म्हणजे हवेचा झरोका. त्यानंतर दिवे, आणि यांच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. ८० इंच किंवा त्याहून रुंद ट्रेलरला संघराज्याच्या सुरक्षा नियमांनुसार वरच्या कडेला जादा दिवे लागतात, मागच्या बाजूला मधोमध तीन. प्रत्येक दिव्यामागे वायरसाठी पत्र्याला भोक पाडलेलं असतं. दिव्याची रबरी बैठक नीट बसली नसेल तर पाणी वायरच्या अंगाने भिंतीच्या आत उतरतं आणि चार फूट खाली जमिनीवर दिसतं. पुढचा भाग टोकदार असलेल्या ट्रेलरमध्ये छताचा पत्रा तिथे कापून वळवावा लागतो. तो कोपरा नेहमीच नाजूक. काही ट्रेलर उभे असताना कोरडे राहतात आणि फक्त पावसात हायवेवर गळतात, कारण ताशी ६० मैलांचा वारा पाणी पट्टीच्या खालून वर ढकलतो. जमिनीची ओल फक्त चाकांच्या आसपास असेल तर छताला दोष देऊ नका. ते टायरने उडवलेलं पाणी आहे, चाकाची पेटी आणि तळाचा प्लाय यांच्यातल्या फटीतून आलेलं.

यातली नेमकी जागा शोधण्याआधी एक शंका मिटवावी लागते, कारण कारखान्याचं पहिलं उत्तर बहुधा तेच येतं: "ही गळती नाही, आतल्या हवेची वाफ थंड पत्र्यावर धरते." हे कधीकधी खरंही असतं. थंड, कोरड्या रात्रीनंतर सकाळी सगळ्या वाशांवर सारखे थेंब दिसले तर ते वाफेचंच पाणी. खात्री करायची तर छताच्या आतल्या बाजूला फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा. नंतर पाणी प्लास्टिकच्या आपल्या बाजूला धरलं तर वाफ. प्लास्टिक आणि पत्रा यांच्या मधे साचलं तर गळतीचा संशय बळकट. पाऊस पडल्यावरच आणि एकाच जागी ओल येत असेल, तर वाफेचा मुद्दा तिथेच संपतो.

आता पाणी मारून बघायचं. बागेचा साधा पाइप घ्यावा, प्रेशर वॉशर नको. त्याचा जोर चांगल्या सांध्यातूनही पाणी आत घालतो आणि मग चाचणीला अर्थ उरत नाही. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर. सुरुवात खालून: आधी दाराची खालची कड, मग बिजागऱ्या, मग दिवे, मग वरची पट्टी, शेवटी छत आणि व्हेंट. वरून सुरुवात केली की ओघळ सगळीकडे पसरतात आणि काहीच कळत नाही. प्रत्येक जागी दहा मिनिटं तरी धार हवी, कारण पाण्याला प्लायमागून वाट काढायला वेळ लागतो. ज्या सांध्यांची पाळी अजून आलेली नाही ते निळ्या मास्किंग टेपने झाकून ठेवावेत. पुढच्या टोकाला धार खालून वर तिरकी मारावी, म्हणजे वाऱ्याचा थोडा तरी अंदाज येतो. भिंतीचा प्लाय स्क्रूने लावलेला असतो. पाणी मागे शिरतंय असं वाटलं तर तो काढावा लागतो, पण काढण्याआधी फोटो घ्यायचे आणि ईमेलने तसं कळवायचं.

दुसरी युक्ती उलटी आहे. व्हेंट आणि दारांच्या कडा टेपने बंद करून, बाजूच्या दारात पुठ्ठा बसवून त्यातून पानं उडवायच्या ब्लोअरची हवा हलकेच आत सोडायची. बाहेरच्या सांध्यांवर साबणाचं पाणी फवारलं की फट जिथे आहे तिथे बुडबुडे येतात. पाण्याने न सापडणारी भोकं यात सापडतात, मात्र दारांच्या कडा नीट बंद केल्या नाहीत तर आत दाबच तयार होत नाही.

या सगळ्याचं चित्रण एकसलग हवं. सुरुवात ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढच्या अंगाला लावलेल्या लेबलापासून करा. त्यावर कारखान्याचं नाव, बांधणीचा महिना-वर्ष आणि १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, असतो. मग न थांबता पाइपची जागा, मग आतली ओल. तुकडे जोडलेल्या व्हिडिओवर कुणीही शंका घेऊ शकतो. पिनवाल्या ओलावामापकाने प्लायचे आकडे घेऊन ठेवा: २० टक्क्यांच्या वर आकडा टिकून राहिला तर लाकूड कुजायचा धोका सुरू होतो, आणि हा आकडा पत्रात फार उपयोगी पडतो.

वॉरंटीचा कागद आता शांतपणे वाचायचा. त्यात बहुधा तीन कलमं सापडतात: सीलंटची देखभाल मालकाची, दुरुस्ती कारखान्यातच होणार, आणि परवानगीशिवाय बाहेर केलेल्या कामाचे पैसे मिळणार नाहीत. दुसरं कलम सगळ्यात त्रासाचं. कार्गो ट्रेलरचे पुष्कळ कारखाने इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास आणि दक्षिण जॉर्जियात आहेत. दूर पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगनमधल्या माणसाला गळका डबा तिथवर ओढून नेण्याचा खर्च दुरुस्तीपेक्षा जास्त येतो. मागायचं ते एवढंच: जवळच्या आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) किंवा ट्रेलर दुरुस्तीवाल्याकडून काम करून घ्यायची लेखी परवानगी. त्याचं अंदाजपत्रक पत्रासोबतच जोडावं, म्हणजे समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं. देखभालीच्या कलमाला उत्तर सोपं आहे: पहिल्या दिवसापासून नीट न लागलेलं सीलंट हा बांधणीतला दोष झाला, देखभालीत कसूर नव्हे.

"डीलरशी बोला", "कारखान्याशी बोला" हा टोलवाटोलवीचा खेळ थांबवायला एकच पत्र दोघांनाही पाठवा, पोस्टाच्या सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह. खरेदीची तारीख, व्हीआयएन, गळतीच्या जागा, व्हिडिओचा दुवा, मागणी आणि उत्तरासाठी दोन आठवड्यांची मुदत, एका पानात. फोनवर काही ठरलं तर त्याच दिवशी ईमेलने ते लिहून कळवायचं. हे कागद का महत्त्वाचे? लुइझियाना सोडून सगळ्या राज्यांनी स्वीकारलेल्या व्यापारी संहितेच्या विक्रीच्या भागानुसार माल ठीक असण्याची गर्भित, म्हणजे कागदावर न लिहिताही कायद्याने धरलेली, हमी असते, पण दोष कळल्यावर वाजवी वेळेत विक्रेत्याला कळवलं नाही तर हक्क बुडतो. दाव्याची मुदत साधारणपणे माल ताब्यात मिळाल्यापासून ४ वर्षं. डीलरच्या बिलावर "ॲज इज" (आहे तसा, हमीशिवाय) असेल तर अनेक राज्यांत त्याच्यावरची ही हमी उडते, म्हणून सही करण्याआधी बिल वाचावं. याखेरीज १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे: ग्राहकोपयोगी वस्तूवर लेखी वॉरंटी देणाऱ्याला गर्भित हमी पूर्णपणे नाकारता येत नाही, आणि ग्राहक जिंकला तर न्यायालय वकिलाची फीसुद्धा देववू शकतं. पत्रात या कायद्याचं नाव एका ओळीत घालावं; धमकीची भाषा नको. लेमन लॉवर, म्हणजे सदोष गाडी बदलून देण्याच्या राज्यांच्या कायद्यांवर, मात्र भिस्त ठेवू नये, ते प्रामुख्याने मोटारींसाठी आहेत. महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडे तक्रारही केवळ गळतीसाठी चालत नाही. पाण्यामुळे दिवे किंवा ब्रेकची वायरिंग बंद पडत असेल तर जरूर करावी.

उत्तराची वाट पाहताना ताडपत्री टाका, आत डीह्युमिडिफायर लावा आणि त्याची बिलं जपा. नुकसान वाढू न देणं ही आपलीही जबाबदारी धरली जाते. कायमचं सीलंट मात्र अजून नाही.

परवानगी मिळाली, किंवा मुदत उलटून स्वतःच करायचं ठरलं, की काम असं. जुनं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढा, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ॲसिटोनने रंग जातो. सिलिकॉन वापरू नका. त्याचा पुसट थरही राहिला तरी पुढचं कुठलंच सीलंट तिथे धरत नाही. कडेची पट्टी काढून खाली इंचभर रुंद ब्युटाइल टेप घाला. सात बाय सोळा फुटी छताचा घेर ४६ फूट आणि व्हेंटचा जवळपास पाच, म्हणजे ३० फुटी दोन गुंडाळ्या. सैल झालेल्या भोकात ८ नंबरच्या जागी १० नंबरचा स्क्रू, डोक्याखाली सीलंटचा ठिपका देऊन, हातानेच आवळायचा. ड्रिलने पातळ पत्र्याचे आटे जातात. आडव्या छतावर डायकॉरसारखं आपोआप पसरणारं लॅप सीलंट, उभ्या भिंतीवर सिकाफ्लेक्स २२१ सारखं न ओघळणारं पॉलियुरेथेन. १०.३ औंसांची नळी दहा मिलिमीटर जाड रेघेला बारा-तेरा फूटच पुरते, तेव्हा पाच नळ्या आणाव्यात. हवा ५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर थांबा. इटर्नाबाँड टेप फार जबरदस्त, पण एकदा बसली की सरकवता येत नाही. दिव्यांना वर आणि दोन्ही बाजूंना सीलंट लावून खालची कड उघडी सोडायची. चारही बाजू बुजवल्या की आत गेलेलं पाणी अडकतं आणि दिवा आतून गंजतो.

एवढं करूनही पैसे द्यायला कुणी तयार नसेल तर राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार करता येते, ती फुकट असते. डीलरने कर्ज मिळवून दिलं असेल तर करारात फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाचं कलम शोधा. त्यानुसार विक्रेत्याविरुद्धचे आक्षेप कर्ज देणाऱ्यापुढेही, भरलेल्या रकमेपर्यंत, मांडता येतात. शेवटचा मार्ग स्मॉल क्लेम्स कोर्टाचा. मर्यादा राज्यागणिक फार वेगळी: केंटकीत २,५०० डॉलर, कॅलिफोर्नियात व्यक्तीसाठी १२,५००, टेक्सासमध्ये २०,०००. आपल्या राज्यातल्या डीलरवर दावा लावणं सोपं, परराज्यातल्या कारखान्याला तिथे खेचणं अवघड. समन्स दुकानाच्या काउंटरवर न देता कंपनीच्या नोंदणीकृत एजंटला, म्हणजे तिच्या वतीने कोर्टाचे कागद घेणाऱ्याला, द्यायचं असतं. त्याचं नाव-पत्ता सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या संकेतस्थळावर मिळतो. व्हिडिओ दाखवायची सोय कोर्टात असेलच असं नाही, म्हणून त्यातली स्थिरचित्रं छापून, पत्र, पोचपावती आणि अंदाजपत्रकासह तीन प्रती न्याव्यात: एक न्यायाधीशांसाठी, एक प्रतिवादीसाठी, एक आपल्या हाती.