फ्लॉपीतली लगोरी

गणपतीत रत्नागिरीच्या घरी माळा आवरताना कॉम्प्युटरच्या जुन्या फ्लॉप्यांचा डबा हाताला लागला. सव्वापाच इंची, काळ्या. भाचा म्हणाला, "मामा, टाकून दे ना. जुने गेम सगळे नेटवर मिळतात."

सगळे नाही मिळत रे.

वरच्याच फ्लॉपीवर माझ्या अक्षरात 'प्रिन्स' लिहिलंय. १९९४ साली कॉम्प्युटर क्लासला एका मशिनवर आम्ही दोघं बसायचो. 'प्रिन्स मेगाहिट' असं टाइप करून गेम चालू केला की शिफ्ट-एल दाबून पुढच्या लेव्हलला जाता यायचं, हे गुपित वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं असायचं. शिफ्ट धरून कडेपर्यंत एकेक पाऊल टाकायचं. फरशी हलली की पळायचं.

हा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' जॉर्डन मेकनरने १९८९ साली ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी केला. गेमच्या प्रती जगभर झाल्या, पण त्याचा मूळ सोर्स कोड, म्हणजे मेकनरने लिहिलेला प्रोग्रॅम, हरवला होता. २०१२ साली मेकनरच्या वडिलांना घरच्या कपाटात त्या कोडच्या फ्लॉप्या मिळाल्या. वीस-बावीस वर्षांत चुंबकीय खुणा पुसट होतात, म्हणून जाणकारांना बोलावून त्या जपून वाचल्या आणि कोड सगळ्यांसाठी खुला केला. आरशातून उडी मारल्यावर राजपुत्राची सावली बाहेर पडते, आठवतं? नव्या शत्रूची चित्रं ठेवायला मेमरीत जागाच उरली नव्हती. मग राजपुत्राचीच चित्रं एका बिटने, म्हणजे अगदी किंचित, सरकवून मूळ चित्रांवर एक्स-ऑर केली, म्हणजे दोन्हीत जिथे फरक तेवढेच ठिपके ठेवले, आणि सावली तयार झाली. मला हे कळलं तेव्हा मी उठून बायकोला सांगायला गेलो होतो. माणसाचं असं डोकं चाललेलं जपायचं नाही, तर काय जपायचं?

प्रिन्सला विचारणारं जग होतं. माझा जीव अडकलाय तो डब्यातल्या तळाच्या फ्लॉपीत. तिच्यावर 'लगोरी' आहे. मी आणि माझ्या मित्राने दिवाळीच्या सुट्टीत जीडब्ल्यू-बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला गेम. सात चौकोन एकावर एक, चेंडू म्हणजे एक गोल अक्षर, आणि लगोरी लागली की स्पीकरमधून तीन सूर. ते सूर मित्राने बहिणीच्या पेटीवर वाजवून ठरवले होते. तो आता नाही. त्या गेमची दुसरी प्रत कुठेच नाही.

फ्लॉपीवर पांढरी बुरशी आली आहे, कोकणातली हवा. तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर वाचणारं हेड आतली चकती खरवडून काढेल, म्हणून अजून हात लावलेला नाही. आधी ती साफ करायची, मग ग्रीझवीझल नावाच्या छोट्या बोर्डाला जुना ड्राइव्ह जोडून चकतीवरच्या चुंबकीय खुणा जशाच्या तशा उतरवून घ्यायच्या, असं ठरवलंय. बोर्ड मागवलाय.

सव्वापाच इंची ड्राइव्ह मात्र मिळत नाहीये. कुणाच्या माळ्यावर चालू स्थितीतला १.२ एमबीचा ड्राइव्ह पडला असेल, तर कृपया खाली लिहा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.