कोफॅक्सचं डावं कोपर

१८ नोव्हेंबर १९६६ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाच्या सँडी कोफॅक्सने वार्ताहरांना बोलावून सांगितलं, की आता बस. वय अवघं ३०. नुकत्याच संपलेल्या मोसमात या डावखुऱ्या पिचरने (फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्याने) २७ सामने जिंकले होते आणि सलग दुसऱ्या वर्षी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला होता. पगार सव्वा लाख डॉलर, त्या काळी बेसबॉलमधल्या सगळ्यात मोठ्या पगारांपैकी एक. एवढं सगळं सोडण्याचं कारण त्याने सरळ सांगितलं: बेसबॉलनंतर बरंच आयुष्य जगायचंय आणि ते धडधाकट शरीराने जगायचंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. फेकणाऱ्या हाताच्या दुखापतींवर वाचायला घेतलं की पिचरशिवाय पान हलत नाही, त्यामुळे मी बेसबॉलकडे वळले ती कोपरांच्या वाटेने. कोफॅक्स मात्र कोपरापुरता राहिला नाही.

ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या या मुलाला डॉजर्सने १९५४ मध्ये करारबद्ध केलं. मोठा बोनस घेणाऱ्या नवख्याला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवायचं असा तेव्हा नियम होता. त्यामुळे खालच्या लीगमध्ये घडण्याची संधीच त्याला मिळाली नाही. वेग अफाट, पण चेंडू कुठे जाईल याचा भरवसा नाही. पहिल्या सहा मोसमांत ३६ विजय आणि ४० पराभव. १९६१ च्या सराव सामन्यांत कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) नॉर्म शेरीने त्याला सांगितलं, की इतका जीव खाऊन टाकू नकोस, जरा सैल सोड. पुढच्या सहा मोसमांत १२९ विजय, ४७ पराभव!

ऑगस्ट १९६४ मध्ये दुसऱ्या बेसकडे (धावणाऱ्याने गाठायच्या टप्प्याकडे) परत झेप घेताना तो कोपरावर आदळला. तरी त्याने आणखी दोन सामने जिंकले. त्यातल्या दुसऱ्यात तेरा जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तर हात सरळच होईना. कोपर गुडघ्याएवढं सुजलेलं. निदान झालं सांध्याच्या संधिवाताचं. पिचर चेंडू सोडतो तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला जबर ताण बसतो आणि मागच्या बाजूला हाडावर हाड घासतं. कूर्चा एकदा झिजली की ती भरून येत नाही. आज दुर्बिणीतून निदान हाडाचे तुकडे तरी काढता येतात; तेव्हा तेही नव्हतं.

मग उपाय काय? सामन्याआधी कॅप्सोलिन नावाचं मलम, मिरचीतल्या तिखटापासून केलेलं, कातडी भाजून निघेल असं. घोड्यांनाही देतात ती सूज उतरवणारी ब्युटाझोलिडिनची गोळी. सांध्यात कॉर्टिझोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं. सामना संपला की रबरी बाही चढवून कोपर बर्फाच्या पाण्यात.

या अवस्थेत त्याने १९६५ मध्ये ३८२ स्ट्राइकआउट केले. त्या वर्षी ९ सप्टेंबरला शिकागो कब्जविरुद्ध त्याचा परफेक्ट गेम झाला: २७ जण आले, २७ बाद, पहिल्या बेसवर एकही पोचला नाही. शेवटचे सहाच्या सहा स्ट्राइकआउट. समोरच्या बॉब हेंडलीनेही सबंध सामन्यात एकच हिट (फलंदाजाला बेस गाठता येईल असा फटका) दिला. सामन्यातली एकुलती एक धाव तर हिटशिवायच आली: डॉजर्सच्या लू जॉन्सनला वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट पहिला बेस) मिळाला, सहकाऱ्याच्या बंटवर (बॅट नुसती लावून मारलेल्या हलक्या फटक्यावर) तो दुसऱ्या बेसवर गेला, तिसरा बेस त्याने चोरला, म्हणजे फटक्याशिवायच धावून गाठला, आणि कॅचरची फेक भरकटल्यावर घरी पोचला. हेंडलीसाठी मला आजही हळहळ वाटते.

त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना योम किप्पूर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी आला, म्हणून ज्यू असलेला कोफॅक्स त्यात उतरला नाही. दुसरा सामना तो हरला, पाचवा जिंकला आणि मधे दोनच दिवस विश्रांती घेऊन सातव्यालाही उभा राहिला. कर्व्हबॉल (वळणारा चेंडू) नीट पडत नव्हता, तेव्हा जवळजवळ नुसत्या फास्टबॉलवर त्याने प्रतिस्पर्धी मिनेसोटाला २-० असं रोखलं.

माझ्याकडे येणारी वेगवान गोलंदाजी करणारी पोरं म्हणतात, "मॅडम, शनिवारची मॅच तेवढी निघू द्या." त्यांचे वडीलही तेच म्हणतात. दुखणं थांबवणं माझ्या हातात असतं, झीज थांबवणं नसतं. कोफॅक्सला हा फरक कळला होता, आणि तोही ऐन भरात असताना. म्हणून त्याच्या ३८२ स्ट्राइकआउटपेक्षा ती वार्ताहर परिषद मला मोठी वाटते.

१९६७ मध्ये डॉजर्स आठव्या क्रमांकावर घसरले. १९७२ मध्ये कोफॅक्सची बेसबॉलमधल्या थोरांच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली, वयाच्या ३६ व्या वर्षी, आजवरचा सर्वांत तरुण म्हणून. पुढे १९७९ पासून बरीच वर्षं तो डॉजर्सच्या खालच्या लीगमधल्या पोरांना पिचिंग शिकवत होता. आणखी चार मोसम खेळला असता तर किती विक्रम झाले असते, यावर चाहते रंगून बोलतात. मला त्या आकड्यांत रस नाही. त्या चार मोसमांनंतर त्याला डाव्या हाताने शर्टाची बटणं लावता आली असती का, हे मी आधी विचारेन.