बॉडी नको पण ताकद हवीय? मग जड उचला

नौपाड्यातल्या आमच्या जिममध्ये नवीन बाई आली की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "सर मला बॉडी नकोय हां, फक्त टोन व्हायचंय." मग सर पण तिला दोन किलोचे गुलाबी डंबेल्स देतात आणि वीस वीस रेप्स, म्हणजे वीस वीस वेळा वर-खाली, मारायला लावतात. अगं, तुझी पर्स त्याहून जड असते आणि ती खांद्याला लावून तू रोज ठाणे स्टेशनचा पूल चढतेस!

बॉडी अशी चुकून बनत नाही हो. त्याला भरपूर सेट, म्हणजे रेप्सचे फेरे लागतात, हात उचलेनासे होईपर्यंत रेप्स लागतात आणि वरून खुराक, म्हणजे कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान काय दूध, तूप, बदाम रिचवतो ते बघा, आपण दोन पोळ्या नि आमटीभात खाऊन तसे दिसायला लागणार आहोत का? त्यात स्नायू वाढवणारं हार्मोन टेस्टोस्टेरॉन, ते बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी पट कमी.

ताकदीचं गणित वेगळंय. सुरुवातीच्या आठवड्यांत रॉडवरचं वजन भराभर वाढतं पण टेप लावून दंड मोजला तर जवळपास तेवढाच, कारण स्नायू तोच असतो, फक्त त्यातले जास्तीत जास्त तंतू एकदम कामाला लावायला आपल्या नसा शिकतात. आपली वेटलिफ्टर मीराबाई चानू टोकियो ऑलिम्पिकला 2021 मध्ये 49 किलो वजनगटात खेळली, तिथे तिने क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे रॉड आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर, 115 किलो उचलले, म्हणजे स्वतःच्या दुपटीपेक्षा जास्त! तिला तर अंगावर वजन वाढवायची सोयच नाही, गटाबाहेर जाईल ना.

म्हणून मी स्क्वॉट (रॉड खांद्यावर घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (रॉड जमिनीवरून उचलणं), ओव्हरहेड प्रेस (रॉड डोक्यावर ढकलणं) एवढंच धरून बसते. एकदाच उचलायला जमेल त्या कमाल वजनाच्या 80-85 टक्के, तीन ते पाच रेप्स, तीन-चार सेट, आणि अजून एखाददुसरा रेप निघेल असं वाटतानाच थांबायचं. मधे तीन मिनिटं तरी आराम, आणि हाच सगळ्यात अवघड भाग, कारण बाई नुसती बसलेली दिसली की मागून आलाच कोणीतरी, "मॅडम, झालं का तुमचं?" नाही झालं रे बाबा, बसलेय ते पण व्यायामातच धर.

थोडा स्नायू वाढतो, नाही असं नाही, माझे ब्लाऊज दंडात जरा घट्ट झालेत. सासूबाईंनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, पण तांदळाची गोणी गाडीतून वर आणायला आता मलाच हाक मारतात.

नवीन असाल तर एकदम जड नको, नुसता ऑलिम्पिक रॉडच 20 किलोचा असतो, आधी त्यानेच किंवा डंबेलने फॉर्म, म्हणजे उचलायची योग्य पद्धत बसवा, कंबरेचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून. मग सव्वा सव्वा किलोच्या प्लेट्स लावत वाढवायचं. त्या छोट्या प्लेट्स जिममध्ये आहेत का ते फी भरायच्या आधी बघा, आमच्याकडे त्या कायम कोणीतरी बेंचखाली सरकवून ठेवतं.