कशाला लिहून द्यायचं?

नवऱ्याच्या बदलीचा हुकूम आला, त्या रात्री सासूबाईंचा साताऱ्याहून फोन. "अगं, बाळाचं ते काही लिहून देऊ नका हं. उगाच शिक्का बसायचा."

नवरा अमेरिकन सैन्यात आहे. बदली टेक्सासहून जर्मनीत कायझर्सलाउटर्नला. इथले सगळे त्याला के-टाउन म्हणतात. मुलगा सात वर्षांचा, ऑटिस्टिक. बोलतो अगदी कमी, हवं-नको ते चित्रांची कार्डं हातात देऊन सांगतो.

सासूबाईंना काय बोलायचं? आमच्या गल्लीतल्या अमेरिकन बायकाही हेच कुजबुजत. एकीने तर सांगितलं, मुलाचं नाव नोंदवलंस की नवऱ्याची बढती अडते. खरं तर ही नोंदणी ऐच्छिक नाहीच. ईएफएमपी म्हणतात तिला. घरात विशेष गरजा असलेलं कोणी असेल तर सैनिकाने ते कळवायचंच. दोन फॉर्म असतात: २७९२ डॉक्टर भरतात, २७९२-१ शाळा भरते आणि सोबत मुलाचा आयईपी, म्हणजे त्याच्यासाठी आखलेला शिक्षणाचा आराखडा, जोडते. हे कागद पुढच्या ठिकाणी जातात. तिथे स्पीच थेरपिस्ट आहे का, विशेष शिक्षिका आहे का, हे पाहून मगच कुटुंबाला परवानगी मिळते. सोय नसेल तर बदली दुसरीकडे होते, नाहीतर सैनिक एकटा जातो. लपवलं तर? मुलाला घेऊन उतरायचं, तिथे शिकवायला कोणी नाही, आणि सामान अजून बोटीवर.

माझी मावसबहीण आपल्या फौजेतल्या अधिकाऱ्याची बायको. तिच्याकडे आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशनच्या, विशेष मुलांसाठीच्या 'आशा' शाळा आहेत, पण त्या प्रत्येक ठाण्यावर नाहीत. तिचीही बदलीच्या वेळी हीच घालमेल.

आमचा फॉर्म एकदा परत आला. आयईपी दरवर्षी नवा करतात. शाळेने गेल्या वर्षीचा जोडला होता. आणि नेमकी उन्हाळ्याची सुट्टी लागलेली. ऑफिसात फोन उचलायला कोणी नाही. दीड महिना गेला. म्हणून सांगते, बदलीची नुसती कुणकुण लागली तरी शाळा बंद व्हायच्या आत सह्या घ्या, आणि प्रत्येक पान स्वतः वाचा.

आयईपी, तपासण्यांचे अहवाल, थेरपिस्टची पत्रं, सगळं एका जाड निळ्या फाइलीत घालून मी विमानात मांडीवर धरून बसले. सामान बोटीने येतं, आठवडेच्या आठवडे लागतात. फाइल त्यात गेली तर शाळेत काय दाखवणार? कार्डंही जवळच ठेवली होती. अटलांटिकवर कुठेतरी त्याने 'पाणी'चं कार्ड हवाईसुंदरीच्या हातात ठेवलं. तिने ते उलटसुलट पाहिलं आणि मला परत केलं. मग त्याने ते पुन्हा तिलाच दिलं.

इथली शाळा तळावरची, अमेरिकेच्या संरक्षण खात्याची. अशा शाळा चालवणाऱ्या विभागाला डोडीया म्हणतात. विशेष शिक्षणाची सोय ३ ते २१ वर्षांपर्यंत आहे. त्याहून लहानांसाठी ईडीआयएस नावाची वेगळी सेवा. शाळेतल्या समितीला 'केस स्टडी कमिटी' म्हणतात. जुना आयईपी तसाच स्वीकारायचा की नवा लिहायचा हे ती ठरवते, पण तोवर मुलाला साधारण तेवढ्याच सेवा द्याव्या लागतात. जर्मन शाळेत घातलं असतं तर यातलं काहीच लागू नव्हतं.

पहिल्या मीटिंगला मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. टेक्सासमध्ये एकाने 'घरी फक्त इंग्रजी बोला' म्हणून बजावलं होतं. इथल्या थेरपिस्टबाईंनी विचारलं, घरी याच्याशी कोणत्या भाषेत बोलता? मग वही पुढे सरकवली. मी लिहिलं: पाणी, वरण, नको, आजी. त्यांनी कार्डावर चित्राखाली अक्षरं अगदी माझ्यासारखी वळणदार काढली, फक्त 'आजी'तल्या जीची वेलांटी विसरल्या. आमच्याकडे ती 'आजा' झाली आहे.

एबीए थेरपीचं, म्हणजे वागणं-बोलणं टप्प्याटप्प्याने शिकवणाऱ्या थेरपीचं, मात्र अवघड आहे. ती शाळेच्या हातात नाही, विम्याकडून मिळवावी लागते, आणि टेक्सासमध्ये घरी येऊन रोज ही थेरपी देणारी तरुण मंडळी होती तशी इथे मिळत नाहीत. यादीत नाव आहे. दर सोमवारी फोन करते.